चुकी लागना फोन

"‘शे’ नाही, मयुरी. ‘आहे’. परत म्हण."

कोकिळा मॅडमनी फळ्यावर ‘शे’ लिहून त्यावर फुली मारली. वर्ग खिदळला, मयुरीची मान खाली गेली. उद्या तिची फोनवर मुलाखत होती. हातातोंडाशी आलेली नोकरी एवढ्याशा शब्दापायी जाऊ नये, असं मॅडमना मनापासून वाटत होतं. त्याही त्याच वाटेने आल्या होत्या. अमळनेरच्या या कॉलेजात मुलांना चारचौघांत बोलायला शिकवायचं काम त्यांना मिळालं, ते जिभेला वळण लावल्यामुळेच. घरी वडिलांशी, आबांशी, त्या अजून अहिराणीच बोलत. उंबऱ्याबाहेर मात्र तिचा एक शब्द निघू देत नसत.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. नंबर अनोळखी.

"बरं झालं. असा फोन आला की कसं बोलायचं, ते ऐका." त्यांनी स्पीकर लावला. "नमस्कार! बोला, आपल्याला काय मदत करू?"

पलीकडे गाड्यांचा गोंगाट. मग घाबरलेला म्हातारा आवाज आला, "चुकी लागना वाटस, ताई. मी मन्ही पोरले फोन लायेल व्हता." आणि फोन बंद.

आबांचा आवाज! आबांच्या डोळ्याचं धुळ्याला ऑपरेशन झालं होतं आणि आज भाचा हेमराज त्यांना घेऊन यायचा होता. मग परक्या नंबरावरून फोन का? त्यांनी घाईघाईने उलट फोन लावला.

"आबा, मी कोकिळा बोलतेय. तुम्ही कुठे आहात?"

"कोन? नही ताई, मन्ही पोर अशी बोलस नही."

दोन शब्द घरच्यासारखे बोलले असते तर काम झालं असतं. पण सगळा वर्ग टक लावून बघत होता, मागे फळ्यावर फुली होती, आणि मॅडमना लाज वाटली. घरची जीभ तिथे वळेचना.

मयुरी उठून टेबलाशी आली. "आबा, फोन ठेवू नका. कोठे शेतस तुम्ही? तुमनासंगे कोन शे?"

"धुयाना स्टँडवर शे, बेटा. कँटीनवालाना फोन शे हाऊ. हेमराज गाडी देखाले गया तो उनाच नही. डोयाले पट्टी, माले काय दिखस?"

"तठेच बसा, आबा. कँटीन सोडू नका. तुमले लेवाले येतस."

"बरं बरं." आबांचा आवाज निवळला. "तू कोनी पोर शे वं? मन्ही कोकिळानागत बोलस."

वर्गात कुणी हसलं नाही. मयुरीने फोन पुढे केला. मॅडमनी तो दोन्ही हातांनी धरला.

"आबा, मीच कोकिळा. मी निघतेय, हं."

"हां, ताई," आबा अदबीने म्हणाले. "त्या पोरले द्या ना जरा फोन."