मंत्र्याचा ब्राँझचा कोट

यो बुन-ईचा धाकटा भाऊ तीनदा मंत्री झाला होता. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली. निवडणूक तोंडावर आली तशी जिल्हाप्रमुख ग्वाकसाहेबांना त्याची एकाएकी आठवण दाटून आली. कचेरीच्या आवारात पुतळा हवाच! पण सरकारी जागेत खासगी पुतळा चालत नाही. मग एक स्मारक समिती नेमायची, तिने पुतळा करून कचेरीला भेट द्यायचा आणि भेट मिळाल्याच्या आनंदात कचेरीने निम्मा खर्च उचलायचा, असं ठरलं.

तो निम्मा खर्च कुठून आला, हे डिसेंबरात बुन-ईच्या बुडाला कळलं. गावातल्या म्हाताऱ्यांच्या बैठकीची खोली बर्फासारखी गार पडली होती. जमीन तापवणाऱ्या बॉयलरच्या तेलाचे पैसे कचेरीने यंदा कापले होते.

"तुझा भाऊ आमच्या बुडाखालची ऊब घेऊन उभा राहतोय गं!" शेजारची माल-सून म्हणाली. सगळ्या हसल्या. बुन-ईला मात्र झोंबलं. त्या पोराला तिने पाठुंगळी बांधून वाढवलं होतं.

अनावरणाला दोरी ओढायचा मान तिचा. कापड घसरलं. आत जाडजूड ओव्हरकोट घातलेला भाऊ.

"आजी, डोळे भरून आले ना? बोला दोन शब्द," ग्वाकसाहेबांनी माइक पुढे केला.

"थंडीनं भरलेत. कोट झकास शिवलात हो याला! आमच्या खोलीतलं सगळं तेल जिरलं की यात."

गर्दी खदखदून हसली, कॅमेरे वळले. साहेब कसलेले. "आजींच्या शब्दाबाहेर मी आहे का? उद्याच टाकी भरा!" टाळ्या त्यांनाच पडल्या.

टाकी भरली. आठवडाभरात पलीकडच्या गावच्या म्हाताऱ्या बगलेत उशा मारून दारात हजर. "आमचं तेल तुमच्याकडे वळवलं म्हणे. आता आम्ही बसायचं कुठं?"

"आत या आधी," बुन-ईने त्यांना जागा करून दिली. पण जमिनीची ऊब तिला चटक्यासारखी लागत होती. तिने कचेरीत फोन लावला. साहेब बैठकीत होते. दुपारीही बैठकीतच होते.

दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या म्हाताऱ्या बसने कचेरीत गेल्या आणि अभ्यागतांच्या दालनात फतकल मारून त्यांनी पत्त्यांचा डाव मांडला.

"आजी, इथं खेळता येत नाही," कारकून गयावया करू लागला.

"खेळतोय कुठं? शेकतोय. तुमचं दालन छान ऊबदार आहे बाबा. पत्ते पीस, माल-सून!"

तीन दिवस त्या रोज आल्या. चौथ्या दिवशी दोन्ही गावांत तेल पोहोचलं. म्हाताऱ्यांनी जल्लोष केला. बुन-ईने मात्र पायमोजे चढवले आणि कचेरीची बस धरली. या वेळी कुणाची टाकी रिकामी केली, ते तिला साहेबांच्याच तोंडून ऐकायचं होतं.