परत वळण्याआधीचे चाळीस किलोमीटर

ऐसेनच्या गाडीतून जायचं म्हणजे वाटभर त्याची बडबड ऐकायची, हे तोम्तोर गावात सगळ्यांना ठाऊक आहे. बुधवारी पहाटे पाच वाजता वारवारा त्याच्या शेजारी चढून बसली, तेव्हा बाहेर उणे त्रेपन्न होतं आणि हा गडी म्हणत होता, "आज जरा ऊब धरलीय, काकू."

रात्रभर एका जागी उभी राहिल्याने गाडीची चाकं खालून चपटी होऊन गोठली होती. पहिले पाचसहा किलोमीटर गाडी अशी आदळत गेली की वारवाराला मांडीवरचं गाठोडं दोन्ही हातांनी आवळून धरावं लागलं. मग रबर तापलं, चाकं गोल झाली आणि ऐसेनचं तोंड सुटलं.

वारवाराचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. याकुत्स्कच्या इस्पितळात तिची थोरली बहीण अकुलिना पडून होती. गुरुवारी सकाळी नऊला तिच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. घरच्यांना फक्त आठपर्यंत भेटू देणार होते. त्यानंतर काय होईल हे डॉक्टरही छातीठोक सांगत नव्हते. ऐसेनने शब्द दिला होता, "सातला दारात उतरवतो. वाटेत कुठे खोळंबलो नाही म्हणजे झालं."

सात वर्षं दोघी बहिणी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. आई थकली तेव्हा अकुलिनाने तिला शहरात नेलं. तिथे नळाला गरम पाणी होतं, भिंतीतून गरम नळ्या फिरत होत्या आणि सरपण फोडायची कटकट नव्हती. त्याच हिवाळ्यात आई तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत वारली. तिला गावी आणून पुरलं, तेव्हा वारवारा सगळ्यांसमोर म्हणाली, "तू तिला बिनचुलीच्या खोलीत मारलंस." अकुलिना तशीच गाडीत बसून निघून गेली. अन् गेल्या आठवड्यात शेजारणीच्या फोनवर तिचा निरोप आला, वारवाराला सांगा, ये. एवढंच.

खिंडीत ऐसेनने गाडी थांबवली. त्याने वाटेच्या दैवताला म्हणून आणलेली धिरडी झाडाच्या बुंध्याशी ठेवली. वारवाराने गाठोड्यातून घोड्याच्या आयाळीचे चार केस काढले आणि फांदीला बांधले. तिथे सगळ्या वाटसरूंसाठी मागायचं असतं. तिने मात्र आपल्यापुरतंच मागितलं, मला आठच्या आत पोचव.

अकरा वाजत आले होते. सूर्य जेमतेम डोंगराच्या वर निघाला होता, तेवढ्यात पुढे रस्त्याच्या कडेला एक ट्रक उभा दिसला. त्याच्या नळकांड्यातून पांढरा धूर निघत होता. ऐसेनने वेग कमी केला, दोनदा भोंगा वाजवला आणि पुढे काढली.

"धूर चालू आहे म्हणजे बाबा मजेत आहे. चहा ढोसत असेल."

त्याचं काही चुकलं नव्हतं. या रस्त्यावर इंजिन बंद पडलेली गाडी दिसली की थांबायचंच, मग आत आपला वैरी का असेना. इंजिन चालू असेल तर भोंगा द्यायचा आणि जायचं. हिवाळाभर इथे कुणी इंजिन बंद करत नाही. बंद केलं तर ते वसंतातच पुन्हा सुरू होतं. त्यामुळे धूर दिसला की माणूस ठीक आहे, हे इथली पोरंसुद्धा धरून चालतात.

पण शेजारून जाताना वारवाराने ट्रकच्या काचा पाहिल्या. समोरची आणि बाजूची, दोन्ही आतून पांढऱ्याफटक होत्या. बाहेर बघायला ड्रायव्हर नखाने खरवडतो ते तळहाताएवढं भोकही कुठे नव्हतं. म्हणजे इंजिन चालू होतं, पण गरम हवा आत येत नव्हती.

ऐसेन सासूचं पुराण सांगत होता. "गाईची कास गोठू नये म्हणून तिने पिशवी शिवली. कशाची? माझ्या टोपीची! अस्सल कोल्ह्याच्या कातड्याची! गाय आता माझ्यापेक्षा रुबाबात हिंडते."

वारवारा हसली नाही. ती किलोमीटरचे दगड मोजत होती. पाच झाले. काचेला आतून पडदा लावला असेल, तिने स्वतःला समजावलं. दहा झाले. आपण काय ड्रायव्हर आहोत, ऐसेनला कळत नाही का? वीस. आता वळलं तरी आठ हुकणार नाहीत, पण बोलायला तोंड उघडेना. तीस झाले, आणि आता वळलं तर आठ हुकणारच होते. तिला स्वतःची लाज वाटली. कुणाच्या तरी घरी त्या माणसाचीही वाट पाहत असतील, असं तिच्या मनात आलं. तो विचार तिने दोनदा झटकला आणि तो दोनदा परत आला. चाळिसावा दगड मागे पडला.

"ऐसेन, गाडी वळव."

"काय विसरलात?"

"त्या ट्रकच्या काचा आतून गोठलेल्या होत्या. कुठे भोकसुद्धा नव्हतं."

ऐसेनची बडबड एकदम थांबली. "तुम्ही तेव्हाच पाहिलंत?"

"तेव्हाच."

त्याने घड्याळ पाहिलं. "काकू, आता आठ गाठता येणार नाहीत."

"मला कळतं. वळव."

परतीचे चाळीस किलोमीटर ऐसेनने गाडी दामटली.

ट्रकचा धूर अजून चालूच होता. ऐसेनने दार बडवलं. आतून ओ नाही. दार गोठून चिकटलं होतं. त्याने पहार घातली, खांद्याने रेटा दिला आणि दार कडकन उघडलं. आत काळोख होता, आणि मागच्या फळीवर दोन कातडी कोटांचा ढीग.  वारवारा दाराला धरून उभी राहिली.

मग तो ढीग घोरला.

ऐसेनने कोट ओढले. खालून एक दाढीवाला माणूस उठून बसला. "काय रे, आग लागली का?"

त्याचं नाव लुका. काचेकडे जाणारी गरम हवेची नळी फुटली होती, म्हणून उरलीसुरली हवा जुन्या कोटाच्या बाहीतून त्याने अंथरुणाकडे वळवली होती. दोन दिवसांचं जागरण, त्यामुळे भोंगा त्याला ऐकूच आला नव्हता.

"मेल्या!" वारवारा ओरडली. "झोपायच्या आधी एक भोक खरवडायला तुझे हात झिजले असते काय?" ओरडता ओरडता तिला हसू फुटलं आणि हसताना डोळ्यांतून पाणी आलं. ते पापण्यांवरच गोठायला लागलं.

लुका तिच्याकडे बघतच राहिला. "म्हणजे तुम्ही पुढे गेला होतात? माझ्यासाठी परत आलात?" त्याने टोपी काढली.  वारवारा जाऊन गाडीत बसली.

गुरुवारी साडेदहाला ऐसेनने तिला इस्पितळाच्या दारात उतरवलं. अकुलिनाला दीड तासापूर्वीच आत नेलं होतं. वारवारा बाकावर बसून राहिली. ऐसेनही गेला नाही, आणि नवल म्हणजे बोललाही नाही. दुपारी नर्सने सांगितलं की पेशंट शुद्धीवर यायला वेळ आहे, पण धोका टळला. वारवाराने ऐसेनचा दंड इतका दाबला की तो कळवळला.

दुसऱ्या दिवशी तिला आत सोडलं. उशीवर अकुलिनाचा चेहरा लहान मुलीएवढा दिसत होता.

"उशीर केलास," ती म्हणाली.

"वाटेत एक ट्रक उभा होता, ताई. मागे वळावं लागलं."

"माणूस गेला होता?"

"झोपला होता. घोरत होता."

अकुलिनाचे ओठ हलले. "हसवू नकोस, टाके दुखतात."

वारवारा पलंगाजवळ उभीच राहिली. "मला जातानाच त्याच्या काचा गोठलेल्या दिसल्या होत्या, ताई. तरी चाळीस किलोमीटर मी गप्प बसले. तुला भेटायचं होतं म्हणून. तो मेला असता तर मी काय केलं असतं?"

 अकुलिनाने पांघरुणाखालून हात काढून वारवाराची बाही ओढली.

"तू चाळीस किलोमीटरवर वळलीस," ती म्हणाली. "मला सात वर्षं लागली. बस आता, अशी उभी राहू नकोस."