लव्हाळेबुवांची बेपत्ता

लव्हाळेबुवांनी मुलीला थाप मारली ती सकाळी सकाळी, चहाच्या कपात तोंड लपवून.

मुलगी पाणीखात्यात होती. जमिनीखालच्या नळांची गळती शोधून काढायची, हे तिचं काम. बूट चढवता चढवता तिने विचारलं, "बाबा, तुम्ही दिवसभर ओढ्या-गटारांच्या काठाने भटकत असता. कुठे ओल दिसली का हो? वरच्या गल्लीत पाणीच चढत नाहीये. मधेच कुठेतरी फुटलंय."

"छे गं," बुवा म्हणाले, आणि ठसका लागून बराच वेळ खोकत बसले.

ओल त्यांना दिसली होती. नुसती दिसली नव्हती, रोज सकाळ-संध्याकाळ ते तिच्या भेटीला जात होते. बंद पडलेल्या छापखान्याच्या मागच्या भिंतीशी, जिथे ऊन कधी पोचत नाही, तिथे दगडांच्या फटीतून पाणी झिरपत होतं. त्या पाण्यावर लव्हाळ्याचा एक झुबका वाढत होता.

बुवांचं खरं नाव गल्लीत आता कुणाला आठवत नव्हतं. कॉलेजात वाळवलेल्या वनस्पतींचं एक दालन होतं, तिथे त्यांनी आयुष्य काढलं, तेही लव्हाळ्यांच्या एकाच प्रजातीमागे. लोकांना ते सगळं गवतच वाटतं, आणि कुणी तसं म्हणालं की बुवांचं डोकं फिरायचं. "दांडा बोटांत फिरवून बघा," ते म्हणायचे. "गवताचा गोल लागेल. याला तीन कडा आहेत." बसस्टॉपवर, बागेत, दवाखान्याच्या दारात त्यांनी अनोळखी माणसांच्या हातात दांडे कोंबले होते. मुलीला तर चालता येण्याआधी दांडा फिरवता येत होता, असं तिची आई सांगायची. त्यांचा दुसरा हेका चिठ्ठीचा. वाळवलेल्या प्रत्येक नमुन्याखाली तो कुठे वाढला ते लिहिलेलं हवं. "ठिकाण नसेल तर ती वनस्पती नव्हे, वाळकं गवत," हे बोलताना मात्र त्यांना गवत हा शब्द चालायचा.

या प्रजातीच्या एकेका जातीचं त्यांना भारी कौतुक, आणि ते तिच्या राहण्याच्या आवडीनिवडीवरून. एकीला तळ्याकाठचा चिखल लागतो, पाय सतत पाण्यात हवेत. दुसरी समुद्राकाठच्या वाळूत सुखाने नांदते, खारा वारा मनावर घेत नाही. तिसरीचं नाव त्यांनी उपटसुंभ ठेवलं होतं, कारण गटाराकाठी, फरशीच्या सांध्यात, दुसऱ्याच्या कुंडीत, कुठेही ती न बोलावता येऊन बसते. आणि एक अशी नखरेल की तिला साचलेलं पाणी चालत नाही, कोरडी जमीनही चालत नाही. सावलीतल्या दगडावरून बारा महिने पाणी झिरपत असेल तरच ती राहणार.

ही शेवटची त्यांनी तरुणपणी एकदाच पाहिली होती, एका कड्याखाली. पुढे तो कडा फोडून रस्ता गेला आणि ती पुन्हा कुणाच्या दृष्टीस पडली नाही. घरात तिचं नाव बेपत्ता पडलं. बुवा चिखलाने माखून आले की बायको दारातच विचारायची, "सापडली का तुमची बेपत्ता?" बायको गेली, बुवा निवृत्त झाले, प्रश्न तेवढा घरात राहिला.

आता छापखान्याच्या भिंतीशी ती होती. ठेंगणी, काळपट, कणसांची ठेवण अगदी तशीच. अडचण एकच होती. या मंडळींची ओळख पक्की होते ती पिकलेल्या फळावरून, आणि फळ तिळाहून बारीक. बेपत्ताच्या फळावर जाळीदार नक्षी असते. इथली फळं अजून हिरवी, दुधाळ होती. ती पिकेपर्यंत पाणी झिरपत राहायला हवं होतं, आणि ते पाणी कुठून येत होतं हे न कळायला बुवा काही दूधखुळे नव्हते. म्हणून त्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली.

संध्याकाळी मुलगी घरी यायची तेव्हा तिचा आवाज बसलेला असायचा. रस्त्यावर लोखंडी कांडी टेकवून, तिला कान लावून जमिनीतलं पाणी ऐकायचं आणि मान वर केली की वरच्या गल्लीची बोलणी ऐकायची, असे तिचे दिवस चालले होते. बुवा तिला शेकायला गरम पाण्याची पिशवी भरून द्यायचे आणि तिच्याकडे न बघता म्हणायचे, "सापडेल गं." स्वतःच्याच तोंडून ते ऐकून त्यांना कसंनुसं व्हायचं. मग विषय बदलायला ते परसातल्या नळावर घसरायचे. तो नळ कित्येक वर्षं ठिबकत होता.

"साऱ्या गावाच्या गळत्या बुजवतेस, आणि हा?"

"रीतसर तक्रार करा," मुलगी म्हणायची. "नंबर लागला की येईन."

एका दुपारी बुवा कोटाची उसवलेली बाही घेऊन वरच्या गल्लीतल्या शिंपीणबाईंकडे गेले. बाई मशीनवर नव्हत्या. थोड्या वेळाने त्या दोन्ही हातांत बादल्या घेऊन जिना चढून आल्या. खालच्या गल्लीतून पाणी आणलं होतं. बसल्या, सुई हातात घेतली, पण हात असे कापत होते की दोरा काही केल्या ओवला जाईना.

"काल तुमच्या मुलीला नको ते बोलले हो मी," बाई म्हणाल्या. "गल्लीतले सगळेच बोलत होते, मीही तोंड सोडलं. ती बिचारी ऐकत उभी राहिली. तिचा काय दोष? जमिनीखालचं तिला कसं दिसणार?"

बुवांनी त्यांच्या हातातून सुई घेतली, दोरा ओवून दिला, आणि कोट तिथेच टाकून उठले. इतकी लाज त्यांना आयुष्यात वाटली नव्हती. मुलगी त्या बाईपुढे मान खाली घालून उभी आहे, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना.

मुलगी चौकात भेटली. फिटरबरोबर हातगाडीवर सामान चढवत होती.

"गळती मला माहीत आहे," बुवा धापा टाकत म्हणाले. "पहिल्यापासून."

मुलीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "चला, दाखवा," एवढंच म्हणाली.

भिंतीशी आल्यावर ती उकिडवी बसली. एक दांडा तोडून तिने बोटांत फिरवला. "तीन कडा. बेपत्ता?"

"वाटतंय तरी."

"घरातच कुठेतरी पाणी मुरतंय, हे मला कळलंच होतं." ती हसली, पण थकलेली होती. "बाबा, ही गळती मला कधीच सापडलीय. तुमच्या पँटच्या घोट्यांना रोज हा काळा चिखल असतो. तो दुसऱ्या कुठल्या गल्लीत आहे? नळ जुना, त्या मापाची कॉलर कुठे मिळेना. मागवली होती, ती आज आली." हातगाडीवरचं लोखंडी कडं तिने दाखवलं. फुटक्या जागेवर तेच बसवायचं होतं.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून. रोज चहा पिताना वाटायचं, आज सांगतील."

ती रागावली असती तर बुवांना सोपं गेलं असतं. 

"फळं पिकली?" तिने विचारलं.

"नाही. पण तू खण. त्या बाईंच्या हाताला कंप सुटलाय."

फिटरने टिकाव उचलला. "जरा थांबा," मुलगी म्हणाली. तिने फावड्याने झुबक्याभोवतीची माती हलक्या हाताने कापली, मुळांसकट अख्खा गड्डा उचलला आणि बापाच्या ओंजळीत ठेवला. मग टिकाव पडला. वरच्या गल्लीत त्याच संध्याकाळी पाणी चढलं.

घरी तिने माळ्यावरून एक पत्र्याचा टब काढला. लहानपणी तिला त्यातच आंघोळ घालायचे. टब परसातल्या ठिबकत्या नळाखाली ठेवला, बुडाला भोक पाडलं, आत चपटा दगड तिरका लावला, दगडाच्या उतारावर गड्डा बसवला. थेंब दगडावर पडायचा, पसरायचा, मुळांतून झिरपून निघून जायचा. साचत काहीच नव्हतं. लहानपणापासून कंटाळून ऐकलेलं तिने शब्द न शब्द लक्षात ठेवलं होतं, हे बुवांना त्या दगडाकडे बघून कळलं. ते बराच वेळ नाक शिंकरत राहिले.

फळं यथावकाश पिकली. बुवांनी पांढऱ्या बशीत दोन-चार काढली आणि भिंगाखाली धरली. मुलगी शेजारी उभी. बुवांनी भिंग पुसलं, परत पाहिलं, खिडकीजवळ जाऊन परत पाहिलं.

"जाळी?" मुलीने विचारलं.

"नाही. गुळगुळीत आहे. चकचकीत." बुवा खुर्चीत बसले. "उपटसुंभ आहे गं. सावली आणि गार पाणी, त्याने ठेंगणी राहिली, काळवंडली. पाहिजे तेच दिसलं मला."

"म्हणजे उपटसुंभासाठी तुम्ही मला थाप मारलीत?"

"हो."

"आणि उपटसुंभासाठी मी दगडाचा उतार मोजत बसले?"

"हो."

मुलीला हसू आवरेना. ती हसता हसता खाली बसली, तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि तिला बघून बुवाही हसले. हसू ओसरल्यावर ते म्हणाले, "तू चार माणसांची बोलणी खाल्लीस. चूक माझी होती."

"होतीच," मुलगी म्हणाली, आणि त्यांचा हात तिने हातात घेतला.

सुट्टीच्या दिवशी तिने पिशवीतून पाना आणि नवा वॉशर काढला. बेपत्ता नव्हतीच, तेव्हा नळ आता बंद करायला हरकत नव्हती. परसात जाताना तिची नजर बुवांच्या टेबलावर गेली. कोऱ्या कागदावर उपटसुंभ दाबून, वाळवून, नेटका चिकटवला होता. असले नमुने बुवांकडे ढिगाने होते, आणखी एकाची गरज नव्हती. खाली नेहमीच्या बारीक अक्षरात चिठ्ठी होती:

"ठिकाण: घराचे परस, ठिबकत्या नळाखाली, तिरक्या दगडावर. दगड मुलीने लावला. इतकी सुखात वाढलेली ही जात अन्यत्र पाहिलेली नाही."

मुलीने ते दोनदा वाचलं. मग पाना आणि वॉशर पुन्हा पिशवीत टाकले.

"काय गं, नळ बघणार होतीस ना?" आतून बुवांनी विचारलं.

"रीतसर तक्रार कुठे आलीय?" ती म्हणाली, आणि चहा ठेवायला गेली.