नको म्हणणाऱ्याने आधी बोलावे

“लोकायत? मतलब, उद्यापासून घाटावरच्या भटजींनी चुली विझवून बसायचं का?”

देवव्रत मुळ्यांनी हातातला ताडाचा पंखा सतरंजीवर आपटला. बिजली दुपारपासून नव्हती. हा मोडला तर वारा घ्यायला दुसरा पंखा नाही, हे ध्यानात येताच त्यांनी तो हळूच उचलून घेतला.

दुर्गाघाटाच्या गल्लीत सुमेधा पटवर्धनच्या माडीवर वाचनमंडळाची शनिवारची बैठक भरली होती. मंडळ म्हणायचं एवढंच, माणसं उरली होती चार. वेदान्तावरचा एक जाडजूड ग्रंथ रडतखडत का होईना, गेल्या खेपेला संपला होता आणि आता पुढे काय वाचायचं ते ठरायचं होतं. सुमेधा विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवायची. तिने लोकायतांचं नाव काढलं. आत्मा नाही, परलोक नाही, प्रत्यक्ष दिसतं तेवढंच खरं, असं म्हणणारे ते जुने नास्तिक.

“देवव्रतकाका, परवा गणपती दूध प्यायले तेव्हा बँक सोडून रांगेत कोण उभं होतं?” सुमेधाने विचारलं.

“मी फक्त बघायला गेलो होतो. चमचा मिसेसचा होता.”

“आणि प्यायले?”

“प्यायले ना! अर्धा चमचा.”

दाराशी बसलेल्या अन्नपूर्णाबाईही पदर तोंडाला लावून हसल्या. त्या बिंदुमाधवशास्त्र्यांच्या पत्नी. शास्त्री येत तिथे त्या येत, भिंतीला टेकून बसत आणि चहाची वेळ झाली की सुमेधाच्या मदतीला उठत. इतक्या वर्षांत बैठकीत त्यांनी तोंड उघडलं असेल ते साखर किती, हे विचारायला. नवऱ्याला गल्लीत सोबत म्हणून येतात बिचाऱ्या, असा सर्वांचा समज होता, आणि तो साफ चुकीचा होता. अन्नपूर्णाबाई शब्द न् शब्द ऐकत. त्यांची एकुलती एक ऋता अकराव्या वर्षी तापाने गेली, त्याला आता बराच काळ लोटला होता. पण दर शनिवारी इथे कोणीतरी शिकलेलं माणूस पुराव्यानिशी सांगायचं की आत्मा मरत नाही, आणि तेवढ्यावर त्यांचा आठवडा निघायचा. घरी तर हा विषयच निघत नसे. शास्त्र्यांनी तिचं नाव घेणंच सोडलं होतं. पितृपक्षात पंचगंगा घाटावर तीळपाणी देताना काय उच्चारत असतील तेवढंच.

“नको,” शास्त्री म्हणाले. “लोकायत नको.”

सुमेधाचा चेहरा खुलला. मंडळाची एक जुनी रीत होती. एखादा विषय ज्याला नको असेल, त्यानेच आधी त्या विषयाची बाजू मांडायची. पूर्वपक्ष प्रामाणिकपणे, हातचं काही न राखता मांडायचा, मग तो खोडायचा, आणि त्यानंतर मत. समोरच्याचं म्हणणं त्याच्याहून चांगलं सांगता येत नसेल, तर नको म्हणायचा हक्क नाही.

“देवव्रतकाका, तुम्हीही नको म्हणालात.”

“मी नुसता घाबरलोय. विरोध शास्त्रीबुवांचा आहे. बोला बुवा, आलिया भोगासी!”

शास्त्र्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. पाठशाळेत त्यांचा उभा जन्म वाद शिकवण्यात गेला होता. त्यांनी बेताने सुरुवात केली. या लोकांचं स्वतःचं लिखाण जवळजवळ उरलेलं नाही, जे कळतं ते त्यांना खोडणाऱ्यांच्या पोथ्यांतून, तेव्हा त्यांच्यावर थोडा अन्याय झालेलाच आहे, असं ते म्हणाले. मग प्रमाणांकडे, म्हणजे एखादी गोष्ट खरी कशावरून मानायची याकडे वळले. अनुमान कुठे घसरतं, शब्दावर, म्हणजे कोणाच्या सांगण्यावर, कुठवर विसंबावं. देवव्रत मान डोलावत होते. अन्नपूर्णाबाई रिकामी बशी उचलून चहाकडे उठणार, एवढ्यात शास्त्र्यांचा आवाज जरा खाली आला.

“समजा, एक मूल आहे. अंधाराला भिणारं. दिवेलागणीनंतर या खोलीतून त्या खोलीत एकटं जात नाही. ते मरतं. आता वेदान्ती सांगतो, त्याचा आत्मा पुढच्या प्रवासाला गेला. एकटा? जे मूल माजघर ओलांडायला आईचा पदर धरायचं, ते एवढा प्रवास एकटं करतंय आणि आपण मागून चार तीळ अन् ओंजळभर पाणी धाडतोय? यापेक्षा ते मूल कुठेच नाही, त्याला आता भीती नाही, तहान नाही, हे म्हणणं जास्त दयेचं नाही का?”

खाली गल्लीत कोणीतरी बादली ओतली.

“बरं, तीळपाणी पोचतं, याला प्रमाण काय? बाप घाटावरून परत येतो. दारात आई उभी. ती विचारते, पोचलं ना? तो म्हणतो, पोचलं. झालं! प्रत्यक्ष नाही, अनुमान नाही, राहिला शब्द. आणि तो शब्द कोणाचा? त्याचाच. ज्याला स्वतःला काही ठाऊक नाही, त्याचा. दर वर्षी पायऱ्या चढताना तो ठरवतो की आज खरं सांगायचं, आणि दर वर्षी दारात तिचं तोंड बघून खोटं बोलतो. लोकायत एवढंच म्हणतो, की हे प्रमाण नव्हे.”

अन्नपूर्णाबाईंच्या हातून बशी निसटली. ती सतरंजीवर पडली म्हणून फुटली नाही, आणि कोणाचं तिकडे लक्षही गेलं नाही. ‘पोचलं ना’ हा प्रश्न जगात दोघांनाच माहीत होता. या पितृपक्षातही त्यांनी तो विचारला होता, आणि पोचलं म्हटल्यावर मनावरचा दगड उतरून दोन घास जेवल्या होत्या. इतकी वर्षं! हा माणूस समोर बसून वाढलेलं जेवला आणि खोटं बोलत राहिला. त्यांना संताप आला. आणि संतापाच्या आत कुठेतरी, लेक आत्ता पुन्हा गेल्यासारखं झालं.

“वा!” देवव्रत म्हणाले. “शास्त्रीबुवा, तुम्ही तर आमचं घरच बुडवलंत! काय दृष्टान्त काढलात! आता खोडा बघू पटकन, नाहीतर मला रात्री झोप यायची नाही.”

शास्त्र्यांनी चष्मा चढवला. काच पुसायला विसरले म्हणून पुन्हा काढला.

“आज नाही सुचत,” ते म्हणाले.

देवव्रत खो खो हसले. सुमेधा हसली नाही. तिने एकदा शास्त्र्यांकडे, एकदा दाराकडे पाहिलं आणि घाईने मतांवर आली. ती स्वतः लोकायताच्या बाजूची. देवव्रत विरुद्ध. शास्त्री म्हणाले, “माझं मत धरू नका.”

“मग काकू, तुम्हीच सांगा,” सुमेधा म्हणाली. तिच्या आवाजात माफी होती. “नको असेल तर सरळ नको म्हणा. सांख्य घेऊ, न्याय घेऊ.”

नको म्हणणं सोपं होतं. झाकली मूठ राहिली असती. पुढल्या भाद्रपदात शास्त्री पायऱ्या चढून आले असते, आणि अन्नपूर्णाबाईंनी दारात काहीच विचारलं नसतं.

“लोकायतच घ्या,” अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

देवव्रतांचा पंखा थांबला.

“पण पूर्वपक्ष तसाच सोडून उठायची रीत नाही ना आपल्यात? यांना सुचत नसेल तर पुढच्या शनिवारी मी खोडीन.”

“तुम्ही, काकू?”

“मी. का, इतकी वर्षं नुसता चहाच प्यायले का इथे?”

शास्त्र्यांनी मान वर केली नाही. मंडळ उठलं तेव्हा दिवे यायचेच होते, पण गल्लीत अजून संध्याकाळचा उजेड होता. शास्त्री नेहमीसारखे पुढे, अन्नपूर्णाबाई मागे. दुधवाल्याचं दुकान गेलं, देऊळ गेलं. मग शास्त्री पाठमोरेच बोलले.

“अगं, हरशील तू. ते बोलणं खोडता येत नाही. मी इतकी वर्षं करून पाहिलंय.”

“हरेन की. हरायला काय लागतं?” अन्नपूर्णाबाई मागून म्हणाल्या. “हरले तर त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा मांडीन. तुम्ही पुन्हा खोडा. वर्षभर चालू दे. पण एक सांगते, ते ‘समजा, एक मूल’ पुन्हा नाही चालायचं. तिचं नाव घेऊन बोलायचं.”

शास्त्री भिंतीला हात टेकून उभे राहिले. मागून आलेल्या सायकलवाल्याने घंटी वाजवली, पुन्हा वाजवली, “ए बाबा, तनिक हटिए,” म्हणाला, तरी त्यांना बाजूला होणं सुचलं नाही.