आतून कडी

शेवगावजवळच्या सरकारी दवाखान्यात जयासिस्टरला चपराक बसली, त्याला आज आठ दिवस झाले. सर्पदंशाचा पेशंट नगरला हलवा म्हणाली, एवढाच तिचा गुन्हा. टेम्पोभर नातेवाईक थेट इंजेक्शनच्या खोलीत घुसले, कारण दाराला आतून कडीच नव्हती. त्या कडीसाठी तिनं वर्षभरात पाच अर्ज केले होते.

आज कडी येईल असं तिला वाटलं, तर आले सरपंच, सोबत शाल-श्रीफळ आणि फोटोवाला. चपराक मारणारा अंगदही मान खाली घालून उभा.

"त्याच्याच हातनं तुमचा सत्कार करू, म्हंजी प्रकरण मिटंल," सरपंच म्हणाले. "गडी तापट हाय, पर मनानं लई चांगला."

"आणि कडी?"

"त्ये वरून मंजूर व्हावं लागतं, ताई."

वरून! शाल लगेच मिळते, नारळ लगेच मिळतो, आणि चार स्क्रूंची कडी तेवढी वरून यायची!

अंगदनं शाल घालायला हात उचलला, तशी जया दचकून मागं सरली. सगळे हसले.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं शाल हिसकावली, खोलीत शिरून दार लावलं आणि दाराच्या दोन्ही फळ्यांच्या मुठींतून शाल ओवून करकचून गाठ मारली.

"सिस्टर, अवो फोटो राह्यला!" बाहेरून सरपंच ओरडले.

"कडी बसवा, मग उघडते!"

अंगदनं सवयीनं दार ढकललं. या खेपेला ते उघडलं नाही.