खाऱ्या पाण्याची पेटी

मी माशांची पेटी बोलतेय, काचेची. सांगायचीसुद्धा लाज वाटते, पण सांगते.

माझा जन्म नागपूरचा. काचा चिकटवून मला उभी केली आणि यवतमाळला एका दातांच्या डॉक्टरांकडे पाठवली. त्यांना समुद्रातले मासे पाळायची हौस. समुद्र कुठं, यवतमाळ कुठं! पण पाकिटातलं खास मीठ पाण्यात कालवून त्यांनी माझ्या पोटात समुद्र केला. केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे मासे फिरायचे. दाढ दुखणारे पेशंटही गालावरचा हात काढून बघत राहायचे. काय तोऱ्यात असायचे मी!

पुढं डॉक्टरांची हौस फिटली, मासेही संपले. पाणी उपसलं, पण रेती आणि पोवळ्याचे तुकडे तसेच आत ठेवून मला जिन्याखाली सारलं. अंगावर मिठाचे पांढरे पापुद्रे चढले.

तिथून मला उकंडानं नेलं. तो दारव्हा-यवतमाळ जीप चालवतो. त्याचे वडील डोमाजी, जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलण्यात उमर गेलेला माणूस, लकव्यानं खाटेवर पडले होते. दिवसभर भिंतीकडे तोंड. घास घ्यायलाही वळत नव्हते, अंगाची नुसती काडी झाली होती. डोळ्यांसमोर काहीतरी हलतं-फिरतं असलं तर वळतील, असं उकंडाच्या बायकोला, कौसल्येला वाटत होतं.

दवाखान्यातल्या माणसानं मला देताना स्पष्ट सांगितलं, "खाऱ्या पाण्याची पेटी आहे बरं का."

"मंग तं बेसच झालं!" उकंडा म्हणाला. "आमच्या बोअरचं पाणी खारंच हाय."

आमच्याकडे बोअरचं ते खारं आणि नळाचं ते गोडं. समुद्र कोणाच्या डोक्यात येणार? मला बोलता आलं असतं तर बोंब ठोकली असती.

उकंडानं वरवर फडकं मारलं. रेती-पोवळी छान दिसतात म्हणून राहू दिली. बोअरचं पाणी भरलं आणि चार सोनेरी मासे सोडले. डोमाजींनी मान वळवली. खरंच वळवली! माझ्याकडे पाहत पाहत वरण-भात खाल्ला.

"मामाजी, पाहा नं, तो मोठा कसा मटकून चालते!" सासरे वळले म्हणून कौसल्येला आनंद मावत नव्हता.

सकाळी चारही मासे आडवे होऊन वर तरंगत होते. आधी पाहिलं ते डोमाजींनीच. त्यांनी पुन्हा तोंड भिंतीकडे केलं आणि घास परत पाठवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कौसल्या घरी ब्लाउज शिवते. तिच्या बोटाला सुई टोचलेली होती. मेलेले मासे काढायला तिनं हात घातला आणि "आई वं!" करून झटकला.

"आवो, झोंबते! हे तं मीठ हाय! अशी पेटी आणली काहून?"

"त्यानं सांगतलं होतं," उकंडा खाली मान घालून म्हणाला. "मले वाटलं, आपल्या बोअरसारखंच."

मग भर अंगणात माझी धुलाई निघाली. सारी आळी जमली. रेती-पोवळी बाहेर फेकली. उकंडा साबणाचा चुरा घेऊन आला तर कौसल्या डाफरली, "साबन नोको! काचेले चिकटून राह्यते, मासे पुन्हा मरतीन." तिनं लिंबाच्या फोडींनी घासलं, जुन्या ब्लेडनं पापुद्रे खरवडले. कोपऱ्याकोपऱ्यातून पांढरं निघतच होतं.

"बापा बापा, किती मीठ प्याली वं तू!" ती म्हणाली आणि बाया हसल्या. कुठं तोंड लपवू असं झालं. काचेला तर तेही जमत नाही.

नंतर ती नळाचं पाणी भरायची, उरलंसुरलं मीठ सुटायला ठेवायची, ओतायची, पुन्हा भरायची. नळ काही रोज येत नाही. घरचं प्यायचं पाणी माझ्यावर जात होतं, ही शरम वेगळीच.

एकदाची मी स्वच्छ झाले. उकंडा मासे आणायला निघाला, तर डोमाजींनी चालता हात आडवा केला. जीभ जड, पण शब्द कळले. "नोको. मरतीन."

मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं आणि ते स्वतःच्या तोंडाला लावलं. कौसल्येच्या लक्षात आलं. तिनं माझ्या पाण्यात बोट बुडवून त्यांच्या जिभेवर टेकवलं. ते कितीतरी वेळ चव घेत राहिले.

"गोडं," ते म्हणाले. "मासे आन आता."

आता मासे आलेत, फिरताहेत. पण डोमाजींना माझी खात्री वाटते आणि मलाच वाटत नाही. एखाद्या सांध्यात अजून खार दडला असेल तर? म्हणून विनवते, वापरलेली पेटी घ्याल तर खारं म्हणजे कुठलं, ते नीट विचारून घ्या. आणि आधी चांगली घासा. तिला लाज वाटली तरी घासा.

कौसल्या भरवतेय. डोमाजी या बाजूला तोंड करून खाताहेत. खा बापा, पोटभर खा. पण माझ्याकडे नका पाहू. माशांकडे पाहा.