तेहेतीस नगांचं वाण

गौतमीनं डबा उघडला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

डबा दिसायला झकास होता. लाल, चकचकीत, आतल्या खाचांत नटावर चढवायच्या सॉकेटच्या गोट्या ओळीनं बसवलेल्या, मधोमध त्या फिरवायचं रॅचेट, आणि सगळ्यावर हळदीकुंकू वाहिलेलं. धोंड्याच्या महिन्याचं वाण म्हणून तो जावयाच्या, म्हणजे शेखरच्या ताटाशेजारी मांडला होता. शेखर नवी टोपी घालून पाटावर बसला होता आणि कपाळावरच्या अक्षता नाकावर ओघळतायत तरी हलत नव्हता.

"मोजून तेहेतीस नग हायेत बघा, पावनं!" गौतमीची आई सगुणाबाई निरांजन हातात धरून कौतुकानं म्हणाली. "दुकानात लई डबे पाह्यले. कुणात चोवीस, कुणात चाळीस. अधिक महिन्याचं वाण तेहेतिसाचंच पायजे. मीच काढला हुडकून."

आता अनारसे तेहेतीस द्यावेत, बत्तासे तेहेतीस द्यावेत, त्याला कुणाची ना नाही. पण नटबोल्ट फिरवायची हत्यारं कुणी तेहेतीस मोजून घेतं का? या घरात घेतली गेली होती, आणि तीही अशा घरात जिथला बाप अख्ख्या उरवड्यात जयसिंग मिस्त्री म्हणून ओळखला जातो!

गौतमीनं रॅचेट उचललं. पोकळ वाटावं इतकं हलकं. तिनं ते कानाशी नेलं आणि हळूहळू फिरवलं. टिक, टिक, मग मध्येच काही नाही, मग दोन टिक एकदम. गोटी बसवायचा टोकाचा चौकोन बोटानं दाबला तर सैल दातासारखा हलला. गोट्या बघितल्या, तर सगळ्या बारा पैलूंच्या. जरा जुना बोल्ट असला की त्याचे कोपरे खाऊन गुळगुळीत करणाऱ्या. तिनं मान वर करून बापाकडं, आण्णांकडं पाहिलं. आण्णा छताचा पंखा बघत होते.

तेव्हा तिला कळलं की आण्णांना ठाऊक होतं, आणि खरा राग तिथं आला.

एकटी आई फसली असती तर गौतमीनं हसून सोडून दिलं असतं. आईला गोटी काय आणि बटण काय, सारखंच. पण आण्णा! कंपन्यांच्या बसगाड्यांची इंजिनं उतरवण्यात त्यांची हयात गेली. गौतमी शाळेत असताना ते साहिलला, तिच्या भावाला, रॅचेट कसं निवडायचं ते शिकवायला पुण्याला घेऊन गेले होते. तिला नेलं होतं पिशव्या धरायला. साहिल रसाच्या गाड्यावर रमला आणि काउंटरपाशी उभी राहिली ती. आण्णांनी दुकानदाराला सगळी रॅचेटं बाहेर काढायला लावली होती. एकेक कानाला लावत होते. "डोळ्यानं घेऊ नगं, कानानं घे. आतला एकेक दात सारखा बोलला पायजे," असं म्हणाले होते. म्हणाले साहिलला, ऐकलं हिनं.

पुढं लग्न होईपर्यंत ती आण्णांच्याच गॅरेजात खपली. लग्नानंतर रिह्याच्या रस्त्याला स्वतःचं गॅरेज टाकलं. तिथं फार्महाऊसवाल्यांच्या गाड्या येतात, शेतकऱ्यांचे पिकअप येतात. सगळं होतं, एक धड रॅचेट सेट नव्हता. विकत घेता आला नसता असं नाही. पण महिन्याभरापूर्वी तिनं मुद्दाम फोन करून सांगितलं होतं, "आण्णा, धोंड्याला चांदी नगं, कापडं नगं. रॅचेट सेट द्या. तुमी निवडल्याला." तिला हत्यार हवंच होतं, पण त्याहून जास्त हवं होतं ते हे, की आण्णांनी एकदा तिच्यासाठी रॅचेट कानाला लावावं. मिस्त्रीनं मिस्त्रीसाठी लावावं तसं.

"आण्णा, कानाला लावलं व्हतं का हे?" तिनं विचारलं.

"अगं, वाणाचा डबा त्यो." आण्णांची नजर पंख्यावरून निघेना. "कुकू लावायचं, जावयबापूच्या हातात द्यायचा. त्याला काय कानाला लावायचं?"

"आन् वापरायचा कुणी?"

"वापर की तू. तुझ्याकडं काय बसगाड्या येत्यात व्हय? स्कूट्या न् शहरवाल्यांच्या खेळण्यातल्या गाड्या. तेवढ्याला लई झाला."

साहिल फिदीफिदी हसला. रॅचेट आणि एक गोटी उचलून गौतमी तडक अंगणात गेली. घराला लागूनच आण्णांचं गॅरेज, दारात त्यांचा पिकअप उभा. तिनं आधी टॉमीचा लांब दांडा घातला आणि चाकाचा नट मोकळा केला. जाम नटाशी रॅचेटनं मारामारी करायची नसते, आधी टॉमीनं सोडवायचा, हेही आण्णांचंच शिक्षण. मग नट हातानं परत बसवला आणि रॅचेटनं आवळायला घेतला. जोर लावलाच नव्हता फारसा. खाडकन आतले दात सुटले, दांडा मोकळा फिरला आणि तिची मूठ चाकाच्या कडेवर आपटली. चार बोटांच्या पेरांवरची साल निघाली. रक्त आलं.

सगळं घर मागोमाग बाहेर आलं होतं. सगुणाबाई किंचाळली, "अगं बया, वाणाला रगत लागलं!"

"वाणाचंच बघ आये! लेकीचा हात ऱ्हाऊ दे!" गौतमी ओरडली. "इंजनात हात घातल्यावर सटाकलं असतं तर बोट गेलं असतं माझं. आण्णा, तुमाला म्हाईत व्हतं."

"न्हाई म्हंजे…"

"तुमाला म्हाईत व्हतं!"

आण्णांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, परत ठेवला. "व्हय," ते म्हणाले. "म्हाईत व्हतं."

शेखर हात बांधायला फडकं घेऊन पुढं झाला. तिनं फडकं हिसकावून घेतलं, स्वतःच गुंडाळलं, तरातरा घरात गेली आणि जावयाच्या पाटावर मांडी ठोकून बसली. भोवती रांगोळी, समोर धोंड्यांचं ताट, हाताला ग्रीस आणि रक्त.

"ऊठ गं! जावयाचा पाट हाय त्यो!" सगुणाबाईच्या तोंडचं पाणी पळालं.

"जावई रुसला तर तुमी बोटातली अंगठी काढून देता. आज मी रुसलेय. काय करायचं ते करा."

"बसू द्या, मामी," शेखर दारातून म्हणाला. "मला तसंही हवा भरायच्या पलीकडं गाडीतलं काय कळत न्हाई."

आण्णा उंबऱ्यात उभे राहिले. मग वळून गॅरेजात गेले आणि आले ते स्वतःचं रॅचेट घेऊन. तेच, पुण्याहून आणलेलं, हाताळून काळं पडलेलं. त्याला घरातलं कुणी विचारल्याशिवाय हात लावत नसे. त्यांनी ते गौतमीपुढं धरलं. "घे."

सगुणाबाईनं पदर डोळ्याला लावला. सगळ्यांना वाटलं, आता पोरगी विरघळणार. पोरीनं रॅचेट घेतलं, कानाशी नेलं आणि फिरवलं.

"ह्याचा एक दात गेलाय," ती म्हणाली. "दांड्यात पाइप घालून जाम नट सोडलाय कुणीतरी."

आण्णांनी ते तिच्या हातातून ओढून घेतलं. कानाला लावलं. एकदा फिरवलं, दुसऱ्यांदा फिरवलं. मग सावकाश मान वळवून साहिलकडं पाहिलं. साहिलला तेवढ्यात मोबाइलमध्ये काहीतरी महत्त्वाचं सापडलं होतं.

"एकदाच, आण्णा. त्यो टेम्पोवाला घाई करत व्हता…"

आण्णांच्या तोंडून जे निघालं ते सणाच्या दिवशी लिहिण्यासारखं नाही. गौतमीनं हात वर करून त्यांना थांबवलं. "त्याला नंतर बोला. मला हे बी नगं. पोरानं मोडून ठेवल्यालं लेकीला देताय व्हय?"

"मंग काय पायजे तुला?"

"उठा. दुकानात चला."

शेखरनं गाडी काढली. तिघं पिरंगुटला उतरले.

दुकान तेच, वाणाचा डबा घेतलेलं. दुकानदारानं ओळखून हसून विचारलं, "मामा, परत? तेहेतीसवालाच आणखी एक देऊ का?"

"तेहेतिसाचा काय नवस बोललोय व्हय रं?" आण्णांचा आवाज रस्त्यावर ऐकू गेला. "सहा पैलूंच्या गोट्या काढ. मुंडक्यातले दात बदलून मिळत्यात तसलं रॅचेट काढ. एक न्हाई, हायेत तेवढी सगळी काढ!"

"परवा तर तुम्ही काहीच बोलला नव्हता, मामा."

काउंटरवर रॅचेटं मांडली गेली. आण्णांनी एकेक उचलून कानाला लावलं, बाजूला केलं, उचललं, बाजूला केलं. एक बराच वेळ फिरवून तिच्यापुढं सरकवलं. "हे."

"हे न्हाई. मुंडकं मोठं हाय."

"अगं, मोठ्या मुंडक्यालाच जोर असतो!"

"तुमच्या बसला. माझ्या गाड्यांच्या इंजनात हात शिरंना, हे कुटनं शिरंल?"

"तुला अक्कल हाय का? बारकं घेशील आन् पयल्याच नटाला बोंबलशील!"

दुकानातली माणसं वळून बघायला लागली. आण्णा असं साहिलला बोलत, शेजारच्या मिस्त्र्यांना बोलत, स्पेअरपार्टवाल्यांशी तर रोजच भांडत. गौतमीला मात्र आजपर्यंत कधी बोलले नव्हते. तिनं पाना चुकीचा लावला तरी "ऱ्हाऊ दे पोरी" म्हणून तो तिच्या हातातून अलगद काढून घेत. तिचं रक्त परत उसळलं, आणि या खेपेला तिला ते आवडलं.

"हाय अक्कल!" तिनंही काउंटरवर हात आपटला. फडक्यातून कळ गेली. "हे बघा. मुंडकं चपटं, दात बारीक. जरा हलवलं तरी पुढचा दात धरतंय. लावा कानाला!"

आण्णांनी हिसकावल्यासारखं घेतलं आणि कानाला लावलं. डोळे मिटले. एक फेरा, उलटा खटका, आणखी एक फेरा. चौकोन अंगठ्यानं दाबून बघितला, दांडा तळहातावर तोलला. नाक मुरडलं. परत कानाला लावलं.

"दांडा आखूड हाय," ते गुरगुरले.

"मला पुरंल."

"पुरंल," आण्णा म्हणाले.

दुकानदारानं तो सेट डब्यात नीट भरला, पिशवीत घातला, आणि कपाळावर अजून कुंकू असलेल्या शेखरपुढं धरला. शेखरचे हात सवयीनं पुढं झालेच होते.

"तिकडं कुटं देतुयास?" आण्णा दुकानदाराच्या अंगावर खेकसले. "मिस्त्री हितं उभा हाय!"

गौतमीनं सोललेल्या हातानं पिशवी घेतली. आत किती नग होते ते कुणी मोजलं नाही.